चार पिंपे वाइन आणि बाटलीवरची बारीक अक्षरे

श्रोतेहो, अलीकडे मुंबई-पुण्यातील काही दुकानांत फ्रान्समधल्या लहान, एकाच कुटुंबाच्या मालकीच्या द्राक्षमळ्यांच्या वाइन दिसू लागल्या आहेत. त्यांच्या किमती पाहिल्यावर हे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न कोणालाही पडेल. माझ्या मते ते एकाच खात्रीचे आहेत: ज्या घराने वेलींची छाटणी केली, त्याच घराने रस आंबवला आणि त्यानेच बाटलीला बूच लावले. ही खात्री लेबलवर वाचता येते आणि ती कशी वाचावी, हाच आजचा विषय आहे.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील क्लो द वूजो ही द्राक्षबाग घ्या. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी ती बाराव्या शतकापासून जोपासली, तिला दगडी भिंत घातली, आणि राज्यक्रांतीत ती जप्त होऊन विकली गेल्यावरही 1889 पर्यंत ती अखंड राहिली. त्यानंतर मात्र विक्री आणि वाटण्या होत गेल्या, कारण वारशात सर्व मुलांचा समान वाटा हे तत्त्व 1804 च्या नागरी संहितेने पक्के केलेले होते. आज तेथील सुमारे 50 हेक्टरांना, म्हणजे सव्वाशे एकरांना, जवळजवळ 80 मालक आहेत. दर पिढीला सातबाऱ्यावर नावे कशी वाढत जातात, हे आपल्याला नाशिक जिल्ह्यात वेगळे सांगायला नको.

तिकडे अजूनही ‘ऊव्रे’ हे जुने माप चालते. एका माणसाने एका दिवसात मशागत करावी एवढी ही जमीन, आपल्या हिशेबाने सव्वाचार गुंठे. समजा, एका कुटुंबाकडे असे सहा ऊव्रे आहेत. उत्पादनावर कायद्याची मर्यादा असल्यामुळे बऱ्या वर्षी त्यांच्या तळघरात साधारण चार पिंपे भरतात. बर्गंडीचे पिंप 228 लिटरांचे, म्हणजे तीनशे बाटल्यांचे. साऱ्या जगासाठी मिळून बाराशे बाटल्या! भारताच्या वाट्याला त्यातली दोन-तीन खोकी आली, तरी मी ते मोठे समजतो.

ही वाइन पूर्वी शेतकऱ्याच्या नावाने बाहेर पडतच नसे. पिंपे गावातल्या व्यापाऱ्याकडे जात, तो अनेकांचा माल एकत्र करून आपले लेबल लावी, आणि त्या मिश्रणात काय काय असे, हे ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती. 1920-30 च्या दशकांत व्होल्ने, न्वी आणि जव्रे या गावांतील दांजेरव्हिल, गूज, रूसो अशा मोजक्या घराण्यांनी स्वतः बाटल्या भरायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांचा रोष पत्करून उचललेले हे पाऊल मला फार मोलाचे वाटते. आज लेबलवर दिसणारे ‘मी आं बुतेय ओ दोमेन’, म्हणजे ‘मळ्यातच बाटलीबंद’, हे शब्द त्याच धडपडीतून रूढ झाले.

येथे एक सावधगिरी हवी. एकच कुटुंब स्वतःच्या बागेची वाइनही करते आणि विकत घेतलेल्या द्राक्षांचीही करते, असे बर्गंडीत सर्रास आढळते. आडनाव तेच असते. फरक ‘दोमेन’ या शब्दात असतो, कारण तो स्वतः कसलेल्या बागेच्या द्राक्षांसाठीच वापरता येतो. शॅम्पेन प्रांतात हेच काम दोन अक्षरे करतात. लेबलच्या तळाशी, भिंगातून पाहावे लागेल इतक्या बारीक टाइपात ‘आरएम’ असेल, तर ती वाइन बागायतदाराने स्वतःच्या द्राक्षांपासून केलेली असते. ‘एनएम’ असेल, तर ती द्राक्षे विकत घेणाऱ्या व्यापारी घराण्याची असते.

आता आयातीचे. आपल्याकडे वाइनवर वर्षानुवर्षे 150 टक्के मूळ सीमाशुल्क आकारले गेले. त्याशिवाय राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडे प्रत्येक लेबलची नोंदणी करावी लागते, आणि साठ बाटल्यांसाठीही सहा हजारांइतकाच कागदोपत्री व्याप करावा लागतो. लहान घराण्यांची वाइन आणणारे आयातदार म्हणूनच थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

त्यांना मी एकच प्रश्न आवर्जून विचारतो: कंटेनर शीतकरणाचा होता का? अमेरिकेत कर्मिट लिंच यांनी 1972 मध्ये कॅलिफोर्नियात वाइनचे दुकान काढले आणि पुढे फ्रेंच वाइन थंड कंटेनरमधूनच आणण्याचा आग्रह धरला, कारण तळघरात चाखलेली वाइन बंदरात उतरेपर्यंत पार बदललेली असे. न्हावा शेवाच्या धक्क्यावर मे महिन्यात उभ्या असलेल्या साध्या कंटेनरमध्ये काय होत असेल, याची कल्पना करा. उष्णतेने वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. तेव्हा बाटली घेताना तोंडावरून बोट फिरवून पाहा: बूच आवरणाखाली उंचावलेले लागले किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला, तर लेबल कितीही चांगल्या घराण्याचे असो, ती बाटली परत ठेवा आणि दुकानदाराला कारणही सांगा.