थँक यू म्हणा, आणि गुडघे आवरा

(दृश्य: विमानातली सीटची रांग. कॅमेरा गुडघ्यांच्या उंचीवर.)

ऑगस्ट 2014. अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेलं विमान. एका प्रवाशाने समोरच्या ट्रेच्या दांड्यांवर प्लास्टिकच्या दोन छोट्या चिमट्या अडकवल्या. 'नी डिफेंडर' म्हणून त्या बाजारात मिळायच्या. चिमट्या लागल्या की पुढची सीट मागे जात नाही. पुढच्या सीटवरची बाई वैतागली, वळली आणि तिने हातातलं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. विमान थेट शिकागोला उतरवावं लागलं. दोघांना तिथेच सोडून बाकीचे पुढे गेले. गंमत म्हणजे ही दोघं जास्तीचे पैसे मोजून घेतलेल्या, थोड्या ऐसपैस सीटवर बसली होती.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको. पण तेव्हा अमेरिका हसली होती. 2021 साली मात्र हसू थांबलं.

(दृश्य: मास्क लावलेले प्रवासी, विमानतळाची रांग.)

त्या वर्षी विमानात गोंधळ घालणाऱ्यांच्या जवळपास 6,000 तक्रारी अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याकडे, म्हणजे एफएएकडे आल्या. कोविडच्या आधी त्या वर्षाला हजार-बाराशे असायच्या. बहुतेक भांडणं मास्कवरून. मे महिन्यात सॅक्रॅमेंटोहून सॅन डिएगोला जाणाऱ्या विमानात एका प्रवासी बाईने एअर होस्टेसला ठोसे मारले. होस्टेसचे दात तुटले. एका गुन्ह्याला 37,000 डॉलरपर्यंत दंड होऊ लागला. एप्रिल 2022 मध्ये मास्कची सक्ती गेली, तक्रारीही उतरल्या. पण जुन्या आकड्यावर काही आल्या नाहीत. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी दोन हजारांच्या वरच.

नोव्हेंबर 2025 मध्ये वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी मोहीमच काढली. नीट कपडे घाला, पायजमा आणि सपाता घालून विमानात येऊ नका, गरोदर बाईची बॅग वर ठेवायला हात लावा, प्लीज आणि थँक यू म्हणा. विमानप्रवासाचं सुवर्णयुग परत आणायचं म्हणे.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. सुटाबुटातले प्रवासी, काचेचे पेले.)

आता हे सुवर्णयुग जरा जवळून बघू. 1950 च्या दशकात एअर होस्टेस अविवाहित हवी, तिचं वजन ठरलेलं, आणि काही कंपन्यांत बत्तिशीला नोकरी संपली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक विमानतळांवर काळ्या प्रवाशांना वेगळं बसवायचे. हे 1960 च्या दशकात कोर्टकचेऱ्या होऊन थांबलं. विमानात सगळे सभ्य होते, कारण तिथवर पोचणारेच मोजके होते.

1978 साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. तिकिटं उतरली, साधी माणसं उडू लागली. ते चांगलंच झालं. पण स्वस्ताईची वसुली इंचाइंचाने होत गेली. पुढच्या-मागच्या रांगांमधलं अंतर पूर्वी साधारण 35 इंच असायचं, आता 31, काही ठिकाणी 28. 2008 साली मोठ्या कंपन्यांनी सामानात टाकलेल्या पहिल्या बॅगेचेही पैसे लावले. मग जो तो बॅग हातात घेऊनच चढायला लागला आणि डोक्यावरच्या कप्प्यावरून हमरीतुमरी सुरू झाली. मंत्रिमहोदय ज्या बॅगेला हात लावा म्हणतात, ती तिथे कशी आली हे त्यांनी सांगितलं नाही.

2016 साली टोरोंटो आणि हार्वर्डच्या दोन संशोधकांनी अशा भांडणांच्या नोंदी तपासल्या. ज्या विमानात फर्स्ट क्लास असतो, तिथे मागच्या वर्गात भांडणं जास्त. आणि लोकांना पुढच्या दाराने, त्या रुंद खुर्च्यांमधून वाट काढत मागे पाठवलं, तर शक्यता आणखी दुपटीने वाढते. म्हणजे माणूस सीटवर बसायच्या आधीच धुमसत असतो.

म्हणून कुणी कुणाचे दात पाडावेत असं नाही. मार खाणाऱ्या बाईने काही ती सीट अरुंद केलेली नसते.

(दृश्य: विमानाचं दार. प्रवासी आत येत आहेत.)

एअर होस्टेसची कथा तर और आहे. प्रवासी चढताना सगळ्यात जास्त कटकट होते. बॅग बसत नाही, सीट बदलून हवी, कुणी वाट अडवलेली. अमेरिकेत बहुतेक कंपन्यांच्या केबिन क्रूचा तासाचा पगार वर्षानुवर्षे विमानाचं दार बंद झाल्यावरच सुरू व्हायचा. चढवण्याच्या त्या वेळेचे पैसे द्यायला डेल्टा एअरलाइन्सने 2022 साली सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांत तीच पहिली. तेसुद्धा अर्ध्या दराने.