सुटलेला बकरा

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्केपगोट या शब्दाला मराठी प्रतिशब्द’. निम्मे लोक मनात म्हणत असतील, त्यात काय, बळीचा बकरा! मंडळी, माझं भांडण त्या बकऱ्याशीच आहे. गेली बावीस वर्षं आहे. घरी आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो.

मूळ गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली, लेवीयच्या सोळाव्या अध्यायातली. ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, तेसुद्धा हा दिवस दारं लावून, कडक उपास करून पाळत. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय, कोणी बोलावलंत तर येईन. तर त्या दिवशी दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाच्या नावाचा, तो कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकानं दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला जिवंत रानात सोडायचं. हा दुसरा तो स्केपगोट. बळी गेला तो पहिला! आपण नाव दिलं ते भलत्याच बकऱ्याचं.

मला हे उमगलं ते कचेरीत. कुठली ते विचारू नका, पेन्शन अजून तिथूनच येते. आवक-जावकच्या टेबलावर आम्ही दोघं, मी आणि माझा एक मित्र. एक फाईल हरवली. हरवली म्हणजे साहेबांच्या घरी दिवाणाखाली होती, पण ते नंतर कळलं. वरून विचारणा आली, कोणाला तरी धरणं भाग होतं. मी नेमका त्या आठवड्यात रजेवर, म्हणून मित्राची बदली झाली. मालवणला. निरोप समारंभात जो उठे तो ‘बिचारा बळीचा बकरा’ म्हणे. मी तर आवंढा गिळून म्हणालो. सहा महिन्यांनी पठ्ठ्याचं पत्र आलं. सासुरवाडी चालत दहा मिनिटांवर, परसात माड, आठवड्यातून चार दिवस बांगडे. इकडे त्याचं टेबल माझ्या गळ्यात, ऑडिट आलं, त्यात जुने घोळ निघाले आणि वेतनवाढ रोखली गेली ती माझी. पत्र हातात घेऊन मी बसलो होतो. कापला कोण गेला आणि सुटला कोण?

हा शब्द कोणी घडवला ते ठाऊक आहे. फार थोड्या शब्दांचं असं नशीब असतं. बायबलचं इंग्रजी भाषांतर करणारा विल्यम टिंडल, साल १५३०. हिब्रूत शब्द होता ‘अझाझेल’. ते रानातलं भूत की तुटलेला कडा, पंडित अजून भांडतात. टिंडलनं फोड केली, ‘एझ’ म्हणजे बकरा, ‘ओझेल’ म्हणजे जाणारा. त्याच्या आधी लॅटिनमध्येही ‘पाठवून दिलेला बकरा’ असंच होतं. टिंडलनं ‘एस्केप’चं डोकं उडवलं आणि धड गोटला जोडलं. एस्केप म्हणजे तरी काय? अंगरख्यातून बाहेर! धरणाऱ्याच्या हाती अंगरखा ठेवून पसार. टिंडलला मात्र ते जमलं नाही. १५३५ मध्ये अँटवर्पला पकडला गेला आणि पुढच्या वर्षी गळा आवळून त्याला जाळलं. १६११ च्या इंग्रजी बायबलनं त्याचा शब्द ठेवला, १८८५ च्या सुधारित आवृत्तीनं काढून पुन्हा अझाझेल घातला. पण तोवर तो बायबलातूनही निसटला होता. दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथी मारतात तो माणूस, हा अर्थ एकोणिसाव्या शतकातच रुळला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. त्या बकऱ्यांसारखी माझीही चिठ्ठी निघाली.

आता झरझर. कोणी म्हणेल, मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, तर लिहिलंय की पुढे त्या बकऱ्यालाही कड्यावरून ढकलत. कबूल. पण तो वेदीवर चढला नाही, त्याचं रक्त देवाला शिंपडलं नाही. तो बळी नव्हे. मग मराठीत काय म्हणायचं? ‘खापर फोडणं’ छान आहे, पण त्यात क्रिया आहे, माणूस नाही. ‘ओवाळून टाकलेला’ हुबेहूब बसला असता, पीडा उतरवायची आणि वस्तू टाकून द्यायची. पण तो आपण वाया गेलेल्या पोरांना देऊन बसलो. उरला मरीआईचा गाडा. पटकी आली की गाव गाडा सजवून शिवेपार सोडायचं, पुढचं गाव तो आपल्या शिवेपार लोटायचं. पीडा चढवली, हद्दीबाहेर घातली, कापलं कोणालाच नाही. म्हणून माझी सूचना: ‘अमक्याचा गाडा केला’ म्हणा.

अध्यक्ष उभे राहिले, तेव्हा प्रश्न चहानंतर. मित्राला परवा फोनवर हा शब्द ऐकवला. म्हणाला, “गाडा म्हण नाहीतर बकरा म्हण, बाजारात बांगडे संपतील, ठेव फोन.”