जुन्या लेन्सला तिच्या तोलाचा कॅमेरा आत्ता मिळाला

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात कॅमेऱ्यावर बोलायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे. याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना सोबत घेऊन सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट त्यावर काढले. यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या गरजेला जुळवायचं, ही या गावाची जुनी सवय. आजचा विषय त्याच सवयीत बसणारा आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी वडिलांची, काकांची, बंद झालेल्या स्टुडिओची एखादी धातूची, जड, हातानं फोकस करायची लेन्स कपाटात पडून असेल. ती तुमच्या नव्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर कशी चालवायची, आणि चालवायची तर का, हे मला सांगायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ती लेन्स फिल्मच्या जमान्यात जेवढी नेमकी चालली, त्याहून नेमकी ती आज चालते. लोक म्हणतात, जुन्या लेन्सचा ‘लुक’ असतो. असतो, मलाही आवडतो. रशियन हेलिओस ४४-२ घेतली आणि मागं झाडाची पानं असली की ती पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, ते बघायला छान वाटतं. पण मी लुकसाठी आग्रह धरत नाही. मी नेमकेपणासाठी धरतो.

आता थोडी वजाबाकी करू. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं आरसा वर-खाली होतो आणि त्याला जागा लागते. म्हणून लेन्स जिथं बसते ती कडी, म्हणजे माउंट, आणि फिल्म यांच्यात बरंच अंतर ठेवावं लागायचं. निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ मिलिमीटर आहे, आट्यांच्या एम४२ माउंटला ४५.४६, मिनोल्टाला ४३.५, कॅननच्या एफडी माउंटला ४२. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकला, त्यामुळं सोनी ई माउंटला हेच अंतर १८ मिलिमीटरवर आलं, कॅनन आरएफला २० आणि निकॉन झेडला १६. साडेशेहेचाळीसातून सोळा गेले, उरले साडेतीस. साडेतीस मिलिमीटर लांबीची पोकळ नळी, एका टोकाला जुनी कडी, दुसऱ्या टोकाला नवी. झाला ॲडॅप्टर. आत काच नाही, वायर नाही, लेन्समधून आलेला प्रकाश आहे तसा सेन्सरवर पोचतो.

याचा सगळ्यात मोठा फायदा कॅननच्या एफडी लेन्सना झाला. १९७१ मध्ये हे माउंट आलं आणि १९८७ मध्ये कंपनी ऑटोफोकसच्या ईओएस कॅमेऱ्यांकडं वळली. ईओएसच्या ईएफ माउंटचं अंतर ४४, एफडीचं ४२. नळी लावायची म्हटली तर तिची लांबी उणे दोन मिलिमीटर यायला हवी! मधे काच घातल्याशिवाय अनंताला, म्हणजे अगदी दूरवर, फोकस बसेना. उत्तम लेन्स होत्या त्या, आणि निव्वळ दोन मिलिमीटरपायी वीस-एक वर्षं अडगळीत गेल्या. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा मिररलेस जी१ आला, २०१३ मध्ये सोनीचा फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरचा, ए७ आला, आणि त्याच एफडी लेन्सना परत गिऱ्हाईक मिळायला लागलं.

आता नेमकेपणाकडं येतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. एसएलआरमध्ये फोकस तुम्ही कुठं बघता? आरशावरून उलटून वर गेलेल्या प्रकाशात, घाशीव काचेच्या पडद्यावर. फोटो मात्र निघतो खाली, फिल्मवर किंवा सेन्सरवर. दोन वाटा वेगळ्या. आरसा किंवा पडदा केसभर जरी सरकला तरी डोळ्याला नीट दिसलेला फोकस फोटोत चुकतो. त्यात डिजिटल एसएलआरचे पडदे उजळ दिसावेत म्हणून असे बनवले होते की लेन्स एफ १.४ ला उघडी असली तरी पडद्यावर दिसणारी खोली साधारण एफ २.८ ची असायची. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं आणि नीट फोकसमध्ये येणारी खोली कमी.) म्हणजे फोकस कुठं बसलाय हे डोळ्याला कळायची सोयच नव्हती. कित्येकांनी ‘जुनी लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणून ती विकून टाकली. लेन्सचा काही दोष नसायचा.

मिररलेसमध्ये सेन्सरवर जे पडतं तेच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं फार कुणी लक्ष देत नाही. बऱ्याच जुन्या लेन्समध्ये अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्समधलं छिद्र, बंद करत गेलं की फोकस किंचित मागं सरकतो. एसएलआरमध्ये फोकस उघड्या लेन्सवर करायचा आणि क्लिकच्या क्षणी अॅपर्चर बंद व्हायचं, त्यामुळं ही चूक कळायचीच नाही. साध्या ॲडॅप्टरवर अॅपर्चर तुम्ही हातानं जिथं ठेवाल तिथंच राहतं. एफ ४ ला फोटो काढायचा तर एफ ४ लाच फोकस करायचा. सरकलेला फोकस तुम्हाला दिसतो आणि तुम्ही तो जागेवर आणता.

आता सेटिंग. पहिली अडचण बऱ्याच जणांना एकच येते: लेन्स लावली, बटण दाबलं, फोटो निघेना. कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही, कारण मागं विजेचे संपर्क नाहीत. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करायचा. मोड अॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल ठेवा, उजेडाचं मोजमाप व्यवस्थित चालतं. फोटोच्या माहितीत अॅपर्चरचा आकडा येणार नाही, तेवढं सोडून द्या.

आता तालमीत चला माझ्याबरोबर. पहाटेची वेळ, वरच्या झरोक्यातून थोडा उजेड, हौद्यात ताक, हळद, तेल घालून मळलेली तांबडी माती. तुमच्याकडं पन्नास मिलिमीटरची एफ १.४ लेन्स आहे, ती एफ २ वर ठेवली आहे, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२००. पैलवान जोर मारतोय. तुम्ही फोकस पीकिंग चालू केलंय, म्हणजे धारदार कडा रंगीत दिसतात. आणि पीकिंगचा रंग लाल! कंपनीकडून बहुधा लालच येतो. तांबड्या मातीवर, मातीनं माखलेल्या अंगावर लाल कडा दिसणार कशा? रंग निळा किंवा पिवळा करा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालात उभे असाल तरी हेच.

रंग बदलला तरी पीकिंगवर सगळा भार टाकू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलोय. पीकिंग म्हणजे कॅमेरा प्रीव्ह्यूमधला कॉन्ट्रास्ट मोजतो, फोकस मोजत नाही. अॅपर्चर उघडं असताना जुन्या लेन्सवर हलकी धूसर झाक येते, मग पीकिंग नाकापासून कानापर्यंत सगळंच रंगवून टाकतं. डोळा आणि भुवई यातला फरक त्याला कळत नाही. पीकिंग जवळपास पोचायला वापरायचं, शेवटचा हात मॅग्निफिकेशननं, म्हणजे चित्राचा एक भाग मोठा करून बघून, फिरवायचा. एखादं बटण अंगठ्याखाली आणून त्याला मॅग्निफिकेशन नेमून द्या. जोर मारताना पैलवान खाली जातो, वर येतो, आणि वर आल्यावर क्षणभर थांबतो. त्या जागेवर त्याचा डोळा मॅग्निफिकेशननं मोठा करून बघायचा, पापणीचे केस सुटे दिसेपर्यंत फोकसची कडी फिरवायची, हात तिथंच ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तो वर आला की क्लिक. पैलवान तुमच्या फोकसमध्ये येतो, तुम्ही त्याच्या मागं धावत नाही.

नव्या बॉड्यांमध्ये यापुढचीही सोय आली आहे. २०२३ मध्ये आलेल्या निकॉन झेडएफमध्ये मॅन्युअल लेन्सवरसुद्धा कॅमेरा चेहरा आणि डोळा ओळखतो. फोकस तुम्हीच करायचा, पण मॅग्निफिकेशन दाबलं की कॅमेरा थेट त्या डोळ्यावर मोठं करून दाखवतो, चौकोन सरकवत बसावं लागत नाही. जुन्या लेन्सवाल्यांसाठी अलीकडच्या काळात एवढी कामाची सोय दुसरी आली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी बॉडी घ्यायच्या विचारात असाल तर मेगापिक्सेलच्या आधी हे बघा.

दुसरं मोठं देणं म्हणजे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन. सोनीनं २०१४ मध्ये ए७ मार्क टू मध्ये फुल-फ्रेम मिररलेसला ते दिलं, आता बऱ्याच कंपन्या देतात. सेन्सरच हलून तुमच्या हाताची थरथर भरून काढतो. पण किती हलायचं हे लेन्सच्या फोकल लेंग्थवर, म्हणजे पन्नास किंवा एकशे पस्तीस मिलिमीटर या आकड्यावर, ठरतं, आणि मुकी लेन्स ती सांगू शकत नाही. तुम्ही सांगायची. निकॉनमध्ये त्यासाठी ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’ आहे, सोनीमध्ये स्टेडीशॉटची (त्यांच्या स्टॅबिलायझेशनचं नाव) फोकल लेंग्थ हातानं भरता येते. पन्नास काढून एकशे पस्तीस लावली आणि आकडा पन्नासच राहिला, तर भरपाई अपुरी पडते. उलट झालं, एकशे पस्तीस भरलेली आणि लेन्स पन्नासची, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो त्यानंच हलतो. लेन्स बदलली की आकडा बदलायचा. आणि हे पण लक्षात ठेवा: स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरचा पैलवान सांभाळत नाही. त्याला शटरचा वेगच लागतो.

निकॉनवाल्यांना एक जाता जाता. आपल्याकडं पन्नास एफ १.८ डी खूप जणांकडं आहे. एफ माउंटच्या लेन्स झेडवर लावायच्या निकॉनच्याच एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये ऑटोफोकसची मोटर नाही, त्यामुळं ती झेड बॉडीवर मॅन्युअल होते. अॅपर्चर मात्र कॅमेऱ्यातूनच बदलतं. विकू नका, वापरा.

ॲडॅप्टर स्वस्तातला चालतो का? चालतो, पण तपासून. त्याची दोन तोंडं एकमेकांना समांतर नसली तर फोटोची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते. रंकाळ्यावर चौपाटीला जा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस एकदा डाव्या टोकाला घेऊन आणि एकदा उजव्या टोकाला घेऊन उघड्या अॅपर्चरवर फोटो काढा. दोन्हीकडं कमानी सारख्याच रेखीव हव्यात. अनंताचा फोकस कडीवरच्या अनंताच्या खुणेच्या थोडा आधीच बसला तर घाबरू नका. बरेच ॲडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात, म्हणजे अनंत हुकत नाही. फक्त कडी शेवटपर्यंत फिरवून ‘अनंत झालं’ असं समजायचं नाही, बघूनच थांबायचं. विचित्र माउंटची लेन्स असेल आणि बाजारात ॲडॅप्टर मिळत नसेल, तर आपल्या उद्यमनगरातल्या चांगल्या लेथवाल्याकडं जा. माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात द्या आणि दोन्ही तोंडं एकाच बांधणीत टर्न करायला सांगा. वाइड लेन्सला चूक जास्त भोवते, पन्नासला थोडी खपते.

एका बाबतीत निराश करतो. रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या जुन्या वाइड लेन्स सेन्सरच्या फार जवळ येतात, प्रकाश कोपऱ्यात तिरका पडतो आणि सेन्सरवरच्या काचेतून जाताना पसरतो. कोपरे पुसट येतात. त्याच्या नादाला लागू नका, पन्नास आणि त्याच्या वरच्या लेन्स घ्या.

आता आपल्या पावसाचं. जून ते सप्टेंबर इथली हवा लेन्सची शत्रू असते. चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स ठेवायची नाही, चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच येते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. अगदी कोरडंही करू नका, आतलं ग्रीस सुकतं. लेन्स कपाटात विसरण्यापेक्षा दर आठवड्याला हातात घेतलेली बरी. पिवळी पडलेली पेंटॅक्सची सुपर टाकुमार एफ १.४ कुणाकडं असेल, तर ती खराब नाही. तिच्या काचेत थोरियम हा किरणोत्सर्गी धातू आहे, त्यानं काच पिवळी होते. काही दिवस गच्चीवर उन्हात ठेवली की बरीच निवळते. मागची बाजू आकाशाकडं करा, पुढून सूर्य आत घेऊ नका.

विकत घेताना मोबाइलचा टॉर्च एका टोकानं लावून दुसऱ्या टोकानं तिरकं बघायचं. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. काठाला बारीकशी असेल तर भाव पाडून घ्या, मधोमध असेल तर सोडून द्या. अॅपर्चरच्या पाकळ्या झटकन मिटल्या पाहिजेत. त्या रेंगाळल्या किंवा चकाकल्या तर त्यांच्यावर तेल उतरलंय. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यावरून घासाघीस करा हवी तर, पण लेन्स नाकारू नका.

ज्यांनी आपापल्या लेन्स आणल्या आहेत त्यांनी या टेबलापाशी या. माझ्याकडं एम४२, एफडी आणि निकॉनचे ॲडॅप्टर आहेत, टॉर्चही आहे. एकेक लावून बघू.