टेप म्हातारी होते, कानही होतात

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत. १३ मिनिटं ४८ सेकंदांच्या एका रेकॉर्डिंगची ते गेली जवळजवळ ३० वर्षं वाट पाहत होते. परवा सहज विषय निघाला आणि ते म्हणाले, "आता नाही आलं तरी चालेल गं." अगदी शांतपणे म्हणाले. चिडले असते तर मला एवढं वाटलं नसतं. चिडणाऱ्या माणसाच्या मनात निदान धुगधुगी तरी असते. त्या 'चालेल'नं मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून आज हा विषय.

ते रेकॉर्डिंग बीटल्सचं, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या इंग्लिश बँडचं. नाव 'कार्निव्हल ऑफ लाइट'. लंडनमध्ये ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत ५ जानेवारी १९६७ रोजी ते झालं. त्या महिनाअखेरीस लंडनच्याच राउंडहाउसमध्ये ध्वनी आणि प्रकाशाचा एक प्रयोग व्हायचा होता, त्यासाठी ते केलेलं होतं. त्याला चाल नाही, ठरलेला ठेका नाही. ज्या मोजक्या माणसांना ते ऐकायला मिळालं, त्यांनी त्याचं वर्णन करून ठेवलंय: घरघरणारे ड्रम, ऑर्गन, गुळण्या केल्याचा आवाज, खूप सारा प्रतिध्वनी, आणि मध्येच लेनन आणि मॅकार्टनी यांच्या आरोळ्या. त्यातली एक आरोळी म्हणजे 'बार्सिलोना'! बस्स. आम्हा चाहत्यांच्या हाती एवढंच आहे, आणि एवढ्यावर आम्ही कित्येक वर्षं काढली.

कुणी म्हणेल, त्यांची एवढी गाणी आहेत, ती ऐका की. ऐकतोच. पण ज्याच्यावर जीव असतो त्याचं नुसतं नीटनेटकं, ठरवून केलेलं बोलणं आपल्याला पुरत नाही. तो काम करताना कसा होता, कुठे अडखळला, कशावर हसला, कोणती वाट धरून अर्ध्यातून परत फिरला, हे कळावंसं वाटतं. तयार गाण्यात हे सगळं पुसलेलं असतं. न आलेल्या टेपवर ते जसंच्या तसं असतं, आणि म्हणून तिच्यासाठी जीव तुटतो.

आशा लावणारेही बाहेरचे कुणी नव्हते. १९९० च्या दशकात बीटल्सच्या जुन्या, अप्रकाशित रेकॉर्डिंगचा मोठा संग्रह निघाला, तेव्हा मॅकार्टनीला हे रेकॉर्डिंग त्यात हवं होतं. जॉर्ज हॅरिसननं नको म्हटलं. पुढे २००८ मध्ये बीबीसीशी बोलताना मॅकार्टनीनं ते बाहेर यावं अशी इच्छा पुन्हा बोलून दाखवली, आणि चाहत्यांनी पुन्हा देव पाण्यात घातले. २०१७ मध्ये त्यांच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमला ५० वर्षं झाली, मोठा संच निघाला. त्यात ते नव्हतं. दुसरं उदाहरण त्यांच्याच 'हेल्टर स्केल्टर' या गाण्याचं. १८ जुलै १९६८ ला स्टुडिओत त्याची एक फेरी, म्हणजे एक 'टेक', २७ मिनिटं ११ सेकंद चालली होती. २०१८ च्या संचात आमच्या वाट्याला आली ती त्याच दिवशीची दुसरी, सुमारे १३ मिनिटांची फेरी. तीही मी आनंदानं ऐकली, खोटं कशाला बोलू. पण जिची वाट पाहत होतो ती ही नव्हे.

२०१७ कडे आमचे डोळे लागण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते कायद्यातलं होतं. युरोपीय संघानं २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० वर नेली. पण त्याला एक अट होती. पहिल्या ५० वर्षांत जे बाहेरच आलं नाही, त्याला वाढीव २० वर्षं मिळणार नाहीत. मग कंपन्यांची धावपळ सुरू झाली. अमेरिकन गायक बॉब डिलनची जुनी अप्रकाशित रेकॉर्डिंग २०१२ च्या अखेरीस युरोपात काढली गेली, तीही जेमतेम १०० प्रती. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये बीटल्सची १९६३ मधली ५९ रेकॉर्डिंग आयट्यून्स या ऑनलाइन दुकानात आली. हेतू हक्क राखण्याचा होता. पण गाणी मिळाली ना, आम्ही खूश. मग सगळ्यांनी बोटांवर हिशेब केला: ६७ साली केलेलं रेकॉर्डिंग, म्हणजे २०१७ संपायच्या आत ते काढावंच लागेल.

काही काढलं नाही. हक्क गेला तर जाऊ दे, टेप आपल्याच कपाटात आहे, असा विचार एखाद्या मालकानं केला तर कायदा त्यापुढे काय करणार? हक्काची मुदत संपली म्हणून कपाटाचं कुलूप उघडत नाही. माझ्या मते अनेकांनी त्याच वर्षी आशा सोडली. फक्त तसं बोलून दाखवलं नाही.

आता थोडं टेपबद्दल. गाणं एकदा टेपवर उतरलं की ते कायमचं टिकलं, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या कित्येक टेपांवरचं हे चिकटवणारं द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेतं आणि चिकचिकीत होतं. अशी टेप यंत्रावर चढवली की ती किंचाळते, अडकते आणि तपकिरी भुकटी मागे सोडत जाते. ती भुकटी म्हणजेच गाणं. अशा टेपा सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद आचेवर भाजाव्या लागतात. भाजल्यावर ती काही दिवस, फार तर काही आठवडे नीट वाजते, आणि तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची असते. जिथे तुकडे जोडून टेप तयार केलेली असते, तिथल्या जोडपट्टीचा गोंद वाळतो आणि सांधे सुटतात. हे वय सांभाळून ठेवलेल्या टेपांनाही चुकत नाही.

आणि सांभाळून ठेवलेल्या टेपा तरी सुरक्षित असतात का? १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथल्या एका इमारतीत मूळ टेपांचा साठा होता. हानी केवढी मोठी असू शकते, ही चर्चा जगभर सुरू झाली ती ११ वर्षांनी, २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात लेख आला तेव्हा. नेमकं किती गेलं यावर वाद आहे आणि राहील. माझा जीव अडकतो तो मधल्या त्या ११ वर्षांत. त्या काळात कुणीतरी, कुठेतरी, एखाद्या रेकॉर्डिंगची वाट पाहत बसलेलं असणार, आणि ते कदाचित आधीच जळून गेलेलं असणार.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. कलाकाराला 'नाही' म्हणायचा हक्क आहे, आणि हॅरिसनचा नकार मला मनापासून मान्य आहे. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं 'व्हेजिटेबल मॅन' हे १९६७ मधलं गाणं २०१६ मध्ये अधिकृतपणे आलं. ते रचणारा आणि गाणारा सिड बॅरेट त्याच्या दहा वर्षं आधी गेला होता. मन ढासळत चाललेल्या माणसाचा तो आवाज मी एकदा ऐकला, पुन्हा लावायचं धाडस झालं नाही. म्हणजे प्रत्येक टेप चव्हाट्यावर यावी असं मी म्हणत नाही.

मी मागतेय ते फार थोडं आहे. काय काय आहे त्याची यादी द्या. कोणती टेप कोणत्या अवस्थेत आहे, तिची नक्कल झाली की नाही, एवढं सांगा. जे द्यायचं नाही त्याच्यापुढे 'देणार नाही' असं लिहा, आम्ही मान खाली घालून ते वाचू. आणि बाजारात आणायचं नसेल तर एखाद्या ग्रंथालयाला एक प्रत द्या. ब्रिटिश लायब्ररीसारख्या ठिकाणी मोठा ध्वनिसंग्रह आहे, तिथे बसून कानाला हेडफोन लावून माणसं जुनी रेकॉर्डिंग ऐकतात. १४ मिनिटांसाठी तेवढा प्रवास करणारे पुष्कळ निघतील. पण हे भिजत घोंगडं ठेवणं, दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी 'येईल, येईल' म्हणणं आणि मग पुन्हा सामसूम होणं, यानं माणूस आतून झिजतो.

काकांचं तेच झालं असावं, असं मला वाटलं होतं. पण त्यांची गोष्ट थोडी वेगळी निघाली.

त्या दिवशी त्यांनी मला एक रेकॉर्ड लावायला सांगितली. बीटल्सचीच, हजारदा ऐकलेली. सुई टेकली, गाणं सुरू झालं. एका जागी त्यांनी बोट वर केलं आणि विचारलं, "आत्ता झांज वाजली ना?" मी म्हटलं, हो. "मला ती ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पण कुठे वाजते ते पाठ आहे. म्हणून वाजल्यासारखी वाटते."

वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. झांजेची झणझण, 'स' आणि 'श' यांची धार, गिटारच्या तारेवर बोट घसरल्याची खरखर. कानाच्या तपासणीचा कागद त्यांनी दाखवला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ निघते आणि अर्ध्यावर आली की खाली कोसळते. जुन्या गाण्यांत जे हरवलं ते त्यांची आठवण भरून काढते. पण जे कधी ऐकलंच नाही, त्यात आठवण काय भरणार? कपाटातली टेप आणि काकांचे कान, दोघांचंही वय वाढत होतं, आणि आधी कानांनी हात टेकले. 'चालेल'चा अर्थ मला तेव्हा कळला.

२ नोव्हेंबर २०२३ ला 'नाऊ अँड देन' आलं, तेव्हा आम्ही एकत्र बसून ऐकलं होतं. जॉन लेननचं घरी केलेलं कॅसेटवरचं रेकॉर्डिंग. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ते हाती घेतलं आणि सोडून दिलं, कारण कॅसेटवर वीजप्रवाहाची गुणगुण होती आणि पियानो आवाजावर चढलेला होता. पुढे संगणकाच्या मदतीनं आवाज पियानोपासून वेगळा काढता आला. हॅरिसननं १९९५ मध्ये वाजवलेली गिटार त्यात आहे, आणि तो २००१ मध्येच गेला. क्वीन या बँडचं 'फेस इट अलोन' हे गाणं असंच १९८८ पासून पडून होतं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी जाऊन ३० वर्षं उलटल्यावर, २०२२ मध्ये ते आलं. म्हणजे येतं कधी कधी, पार गेलं म्हणून सोडून दिलेलंही येतं. त्या दिवशी लेननचा आवाज सुरू झाला आणि काका श्रवणयंत्रावर हात ठेवून मान खाली घालून बसले होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "आवाज मधल्या पट्टीतला आहे, म्हणून पोचला."

परवा निघताना मी त्यांना पुन्हा विचारलं, खरंच नाही आलं तरी चालेल? ते दारापर्यंत आले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आलंच, तर आधी तू ऐक. झांज असली तर कुठे कुठे आहे ते कागदावर लिहून आण. मिनिट आणि सेकंद, दोन्ही लिही. मग मी ऐकतो."