डिंक बनवणारा चुलतभाऊ

(दृश्य: ज्वारीची भाकरी. एक घास. संगीत नाही, फक्त चावण्याचा आवाज.)

भाकरीचा कोरडा घास तोंडात घ्या. कालवण नको, चटणी नको. गिळायची घाई न करता नुसतं चावत राहा. थोड्या वेळात तोच घास गोडसर लागू लागतो. ही करामत लाळेतल्या अमायलेजची. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणायचे, बाकी सगळीकडे एन्झाइमच म्हणतात. स्टार्चची लांबलचक साखळी धरायची, जोडाच्या जागी पाणी घुसवायचं आणि साखळी तोडायची, एवढाच त्याचा धंदा.

त्याच तोंडात, दाढेच्या खाचेत, या अमायलेजचा एक चुलतभाऊ मुक्कामाला असतो. तो आपला नव्हे, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स नावाच्या जिवाणूचा. लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी 1924 साली किडलेल्या दातांमधून हा जिवाणू वेगळा काढला.

(दृश्य: नखावर खरवडून आलेला पांढरट थर, अगदी जवळून.)

सकाळी दातावरून नख फिरवलं की हे असं काहीतरी निघतं. यात जिवाणूंची गर्दी असते, आणि त्या गर्दीला दाताशी चिकटवून ठेवणारा डिंक असतो. हा डिंक बनतो आपल्या चहातल्या साखरेपासून. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. चुलतभाऊ ही जोडी फोडतो, फ्रुक्टोज सोडून देतो आणि ग्लुकोज एकामागे एक ओवत जातो. या माळेचं नाव ग्लुकान. सुटलेलं फ्रुक्टोजही वाया जात नाही, जिवाणू ते आंबवून आम्ल करतो. डिंकाच्या आड हे आम्ल लाळेने लवकर धुतलं जात नाही. पीएच साडेपाचाच्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं.

या जिवाणूकडे असे तीन कारागीर, म्हणजे एन्झाइम, आहेत: जीटीएफ-बी, जीटीएफ-सी आणि जीटीएफ-डी. जीटीएफ म्हणजे ग्लुकोसिलट्रान्सफरेज. डी बनवतो तो डिंक पाण्यात विरघळतो. बीचा बहुतेक विरघळत नाही. सी दोन्ही प्रकारचा बनवतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा. फिरणारी, रिबिनीसारखी गुंडाळलेली आकृती.)

2011 साली जपानी संशोधकांनी जीटीएफ-सीच्या मधल्या, प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाची स्फटिकरचना, म्हणजे स्फटिकावरून काढलेला अणूंचा नकाशा, प्रसिद्ध केली. अख्खं प्रथिन साधारण साडेचौदाशे अमिनो आम्लांचं, त्यातला हा साडेआठशेच्या आसपासचा तुकडा. आत आठ पट्ट्यांचं पिंप, थेट अमायलेजसारखं. फरक एवढाच की माळेची गाठ दुसऱ्याच मण्यापाशी मारलेली. मण्यांचा फेरा तोच, सुरुवात वेगळी.

आता एन्झाइमच्या खाचेत डोकावू, जिथे प्रत्यक्ष काम चालतं. अमिनो आम्लांच्या साखळीत 477 क्रमांकावर अॅस्पार्टिक आम्ल. तेच साखरेतलं ग्लुकोज पकडतं. 515 वर ग्लुटामिक आम्ल, ते फ्रुक्टोजला प्रोटॉन देऊन मोकळं करतं. 588 वर पुन्हा अॅस्पार्टिक, आधाराला. आणि आपल्या लाळेतल्या अमायलेजमध्ये? 197, 233, 300. पुन्हा तेच त्रिकूट, त्याच क्रमाने.

खरी अडचण इथे आहे. त्रिकूट बंद पाडणारं औषध घातलं तर घरचा आणि दारचा दोघेही अडकतात. जपानी गटाच्या स्फटिकात खाचेत बसलेलं दिसतं ते अकार्बोज, म्हणजे मधुमेहींना देतात ती गोळी. आपल्या आतड्यात ती स्टार्चचं पचन रोखते. ज्यांनी ती घेतली आहे, त्यांना पोटातला वायू वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून संगणकाने शोधायचा तो दोन भावांमधला फरक. त्रिकुटाच्या शेजारीच, जिथे नवा मणी येऊन टेकतो, तिथे 517 वर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पाट मांडून बसलेलं आहे. जवळच 593 वर एक अॅस्पार्टिक आम्ल. येणारी साखर कोणत्या कुशीवर वळणार, ते याच्यावर ठरतं असं त्या संशोधकांचं म्हणणं. ओळीतल्या टायरोसीन 430, अॅस्परॅजीन 481 आणि सेरीन 589 या जागा डिंकवाल्या एन्झाइमांमध्ये टिकून आहेत, अमायलेजमध्ये नाहीत. पकडायचं तर इथे.

(दृश्य: पाण्याच्या चौकोनी डब्यात तरंगणारं, थरथरणारं प्रथिन.)

स्फटिक म्हणजे फोटो, आणि एन्झाइम तर सतत हलत असतं. त्याला संगणकावर हलवून पाहायचं तर भोवती पाणी भरावं लागतं. अणूंची संख्या सहज लाखाच्या घरात जाते. मग दर पावलाला प्रत्येक अणूवरचं बल काढायचं. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं, आणि सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. शंभर नॅनोसेकंदांची हालचाल बघायला पाच कोटी पावलं.

जीटीएफ-बीची रचना हाती नव्हती तेव्हा ती सीवरून बेतली जायची, कारण दोघे सुमारे 75 टक्के सारखे. बेतलेलं कापड अंगाला बसलं की नाही, ते आजही रामचंद्रन आलेखावर तपासतात; प्रथिनाच्या साखळीची वळणं कोणत्या कोनांत शक्य आहेत, ते हा आलेख दाखवतो. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली मद्रासमध्ये मांडलेला तोच आलेख.

उरलं डॉकिंग. एखादा रेणू खाचेत नाना तऱ्हांनी बसवून पाहायचा आणि गुण द्यायचे. इथे जरा थांबून बोलायला हवं. हळद, लवंग, कडुनिंब यांतला कुठलाही रेणू घ्या, उणे आठ किलोकॅलरी असा गुण मिळतो (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट) आणि लेख तयार होतो. ऑटोडॉक विना हे यातलं लाडकं सॉफ्टवेअर. त्याच्या कर्त्यांनीच 2010 साली सुमारे 2.85 किलोकॅलरींची चूक नोंदवून ठेवली आहे. मग उणे आठ आणि उणे नऊ यांत पैज कशी लावणार?

अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या गटाने तिथे न थांबता पुढचं कष्टाचं काम केलं. 5 लाख रेणू संगणकावर जीटीएफ-सीच्या खाचेत बसवून पाहिले, त्यातले निवडक प्रयोगशाळेत आणले. 2017 साली निष्कर्ष छापले.

(दृश्य: काचेची दोन पात्रं. एकाच्या तळाला जाड थर, दुसऱ्याच्या तळाला जवळजवळ काहीच नाही.)

सर्वांत प्रभावी ठरलेल्या रेणूने जिवाणू मारले नाहीत. त्यांची वाढ चालूच राहिली, तोंडातल्या निरुपद्रवी जिवाणूंचीही. फक्त थर धरेना. हाच रेणू दिलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या दातांना कीड कमी लागली.