तिसऱ्या दिवशी चालू राहिलेल्या वस्तू

मंडळी, आज मला माझ्या आवडत्या वस्तूंबद्दल बोलायला सांगितलंय. खिशात, पर्समध्ये, उशाशी असणाऱ्या रोजच्या वस्तू. येताना ही पिशवी भरली तेव्हा लक्षात आलं, की हिच्यातल्या बहुतेक वस्तू मला विकत घेतल्या त्या दिवशी आवडल्या नव्हत्या. त्या आवडल्या २०२४ च्या ऑगस्टमध्ये.

त्या जन्माष्टमीचा पाऊस वडोदऱ्यात कुणाला आठवण करून द्यायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. आम्ही समा भागात दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजला पाण्यात, लाइट बंद, रस्त्यात मगर दिसल्याच्या बातम्या, आणि खालची दोन कुटुंबं आमच्याकडे वर आलेली. ९ माणसं, ३ दिवस. घरात वस्तू पुष्कळ होत्या. तिसऱ्या दिवशी चालू होत्या त्या या एवढ्याच.

पहिल्या संध्याकाळी दगा दिला तो सगळ्यात मोठ्या इमर्जन्सी दिव्यानं. वर्षभर कपाटात होता. बटण दाबलं, क्षणभर पिवळा झाला आणि विझला. आतली बॅटरी शिशाची होती. तिला रिकामं पडून राहणं सोसत नाही. पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग ती चार्ज घेईनाशी होते. असा दिवा घरात असेल तर दर महिन्याला तो चार्ज करायचा, निदान दोन महिन्यांनी तरी. शाळेत ३० वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि महिन्याच्या महिन्याला करणं यांत अंतर पडलं.

मग नातीनं तिच्या सॅकमधून हा काढला. हेडलॅम्प, कपाळाला पट्ट्यानं बांधायचा दिवा. पहाटे अंधारात पावागड चढताना ती वापरते. तोवर मी त्याला ट्रेकिंगवाल्या मुलांची चीज समजत होते. त्या रात्री तो लावून मी स्वयंपाक केला, जिन्यावरून पाण्याचे हंडे चढवले, बाळाचं लंगोट बदललं. दोन्ही हात मोकळे असणं म्हणजे काय, हे टॉर्च दातांत धरून फ्यूज बसवलेल्या माणसाला विचारा. घेताना दोन गोष्टी बघा. एक, त्यात अगदी मंद प्रकाशाची सोय हवी. पूर्ण प्रकाशात सेल काही तासांत संपतात, मंद प्रकाशात रात्रीमागून रात्री निघतात. दुसरी, त्यावर लिहिलेला आयपीएक्सचा आकडा. ४ म्हणजे उडालेलं पाणी चालेल, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालेल. पावसाळ्यासाठी ४ पुरतो.

यातले सेल मात्र माझ्या निवडीचे, आणि त्यांच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे रिमोटमध्ये, घड्याळात, टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल घालतात आणि विसरतात. तो जुना झाला की फुटतो. पांढरी खारी पूड येते आणि पितळी पट्टी खाऊन टाकते. कित्येक चांगले टॉर्च असे कचऱ्यात गेलेले मी पाहिलेत. पूड दिसली तर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे दोन थेंब कापसावर घेऊन पुसा, कोरडं करा, बहुधा वाचतो. पण त्याहून बरं, चार्ज होणारे सेल घ्या. पूर्वीच्या चार्ज होणाऱ्या सेलची खोड अशी, की नुसते ठेवले तरी दोन-तीन महिन्यांत रिकामे. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीनं एनेलूप नावाचे सेल आणले, ते वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज राखून असत. आता ते पॅनासोनिकच्या नावानं मिळतात, आणि इतर कंपन्याही तशा जातीचे बनवतात. वेष्टनावर ‘आधीच चार्ज केलेले’ असं लिहिलेलं असलं तर ते त्या जातीचे समजा. अल्कलाइनचा दाब दीड व्होल्ट, यांचा १.२, पण टॉर्च, रेडिओ, भिंतीवरची घड्याळं त्यावर चालतात. माझ्याकडे ८ आहेत. ४ वापरात, ४ डबीत. तिसऱ्या दिवशी मोबाइलला रेंज नव्हती, तेव्हा याच सेलवर आमचा लहान रेडिओ चालला आणि ९ माणसं त्याच्याभोवती बसली.

आता पॉवर बँक. यात सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून सावकाश सांगते. वर लिहिलेला १०,००० एमएएचचा आकडा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टला मोजलेला. बाहेर वीज येते ५ व्होल्टनं. म्हणजे हिशेबानं ७,४०० उरले, त्यात रूपांतराची गळती. हातात ६,००० ते ६,५०० पडतात. आजचा ५,००० चा फोन त्यावर साधारण सव्वा ते दीड वेळा भरतो, दोनदा नाही. यात कंपनीची लबाडी नाही, मोजण्याची रीतच तशी आहे. लबाडी कुठं असते, तर रस्त्यावर मिळणाऱ्या ५०,००० वाल्यात. आमच्या तळमजल्यावरच्या भाईंकडे तसली होती, पहिल्याच रात्री एक फोन अर्धा भरून थांबली. ओळखायची युक्ती साधी आहे. बॅटरीतली वीज वजनाशिवाय येत नाही. आतला एक गोल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा, आणि त्यात जास्तीत जास्त साडेतीन हजारांच्या आसपास. ५०,००० भरायला असे १४-१५ तरी लागतील. नुसत्या सेलचंच वजन पाऊण किलोच्या आसपास गेलं. १०,००० ची खरी बँक २०० ग्रॅमच्या आगंमागं असते. तेव्हा हातात हलकी लागणारी ५०,००० ची बँक खोटी, मग डबा कितीही चकचकीत असो. मागच्या बाजूला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-नंबरही शोधा. विमानानं जाणार असाल तर ती केबिनच्या बॅगेतच ठेवायची, सामानात द्यायची नाही.

थर्मास सगळ्यांकडे असतो, म्हणून त्यावर एकच प्रसंग. खालच्या काकींना इन्सुलिन लागतं. फ्रिज बंद पडला तसा मी रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये फ्रीझरमधला बर्फ भरला, वर जाड टॉवेलची घडी, आणि त्यावर डबीत त्यांच्या कुप्या. बर्फाला कुपी टेकू द्यायची नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. दुसऱ्या संध्याकाळीही आत थंडावा होता. स्कॉटलंडच्या जेम्स ड्यूअरनं १८९२ साली ही दुहेरी भिंतीची बाटली प्रयोगशाळेतल्या अतिथंड वायूंसाठी केली. दोन भिंतींच्या मध्ये हवाच नाही, तर उष्णता जाणार कशानं? काकी दर तासाला झाकण उघडून बघत होत्या, त्यांना मी हे समजावलं, तेव्हा त्यांनी उघडणं बंद केलं.

हे मनगटावरचं घड्याळ, कॅसिओचं एफ-९१ डब्ल्यू. १९८९ पासून तसंच बनतंय, २१ ग्रॅम वजन, एका सेलवर सुमारे ७ वर्षं. फोन बंद झाल्यावर औषधांच्या वेळा यानंच सांगितल्या. ही शिट्टी किल्ल्यांच्या जुडग्यात असते. समोरच्या गच्चीवरच्यांना हाक पोचेना, शिट्टी पोचली. आणि ही तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी, यात रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद आणि थोडी रोकड.

किंमत विचाराल तर थर्मास सोडून ही सगळी पिशवी एका साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त आहे. एकदम घेऊ नका. आधी हेडलॅम्प आणि सेल घ्या, बाकी सावकाश.

ज्यांच्या पर्समध्ये आत्ता पॉवर बँक आहे त्यांनी पुढं या. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणलाय.