मिटिंग झाली तरच मिनिट्स

नमस्कार सगळ्यांना. पत्रिकेवर विषय छापलाय 'कंपनी सेक्रेटरीची बदलती भूमिका', आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी मला मिनिट्सबद्दल बोलू द्या. किती वर्षं हे मनात साठलंय, आणि आज पुढच्या रांगांमध्ये सीएसची, म्हणजे कंपनी सेक्रेटरी व्हायला शिकणारी मुलं बसलीत आणि मागे अंबड-सातपूरचे कारखानदार, म्हणजे मिनिट्स लिहिणारे आणि लिहून घेणारे एकाच हॉलमध्ये आलेत, असा योग नाशकात परत कधी येईल माहीत नाही.

मिनिट्स म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. मिटिंगला कोण होतं, काय ठरलं, कुणाचा विरोध होता, ते लिहायचं, ड्राफ्ट 15 दिवसांत सगळ्या डायरेक्टरांकडे, त्यांनी 7 दिवसांत काय ते कळवायचं, आणि 30 दिवसांच्या आत बुकात नोंद. एवढंच आहे. पण आपल्याकडे चालतं काय, तर आधी निर्णय होतो जेवणाच्या टेबलावर नाहीतर गाडीत, मग पैसे फिरतात, मग कधीतरी बँक नाहीतर ऑडिटर ठराव मागतो, आणि मग कंपनीची कायदेशीर कागदपत्रं सांभाळणाऱ्या सेक्रेटरीला फोन येतो, "मॅडम, मागच्या तारखेचा एक ठराव करून द्या ना."

2013 मधली गोष्ट सांगते. एमआयडीसीतली प्रायव्हेट कंपनी, दोघं भाऊ डायरेक्टर, निम्मे-निम्मे शेअर. थोरले कारखाना बघायचे, धाकटे ऑर्डरी आणायला बाहेर, बरेचदा मस्कतला. बँक म्हणाली कर्जाचं लिमिट वाढवून पाहिजे तर तुमचं भांडवल वाढवा. थोरल्यांनी स्वतःची जमीन विकून पैसे घातले होते, हे खरं, कुठेही लबाडी नव्हती. रात्री साडेनवाला त्यांचा फोन, "मॅडम, पैसे तर मार्चच्या आधीच आलेत, फक्त शेअर दिल्याची मिटिंग मार्चमध्ये झाली असं दाखवा, बॅलन्स शीट चांगली दिसेल." मी म्हटलं, दादा, जी मिटिंग झालीच नाही ती मी लिहिणार नाही. ते रागावले. घरचंच तर काम आहे, भाऊ काय परका आहे का, म्हणाले. आणि दुसऱ्या कुणाकडून तरी ते करून घेतलं. हजेरीवर धाकट्यांची सही पण झाली, त्यांनी स्वतःच केली, मस्कतहून आल्यावर, दादा म्हणाला म्हणून, वाचलंही नसेल.

चार वर्षांनी दोघं वेगळे झाले. का झाले त्यात जात नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात ते झालेलं आहे. थोरल्यांना नवे शेअर मिळाल्यामुळे धाकट्यांचा हिस्सा निम्म्यावरून खाली आला होता, ते एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे तंटे चालतात त्या न्यायाधिकरणात गेले आणि तिथे त्यांनी पासपोर्ट ठेवला. मिटिंगच्या तारखेला ते देशातच नव्हते. कोरमला, म्हणजे मिटिंग ग्राह्य धरायला, लागतात किमान दोघं, डायरेक्टर होतेच दोघं, म्हणजे कोरमच नाही, कोरम नाही तर मिटिंग नाही, मिटिंग नाही तर ते शेअर कुठल्या ठरावाने दिले? नीट ठेवलेले मिनिट्स कायदा पुरावा म्हणून धरतो, कंपनी कायद्याचं कलम 118, आणि मिनिट्समध्ये फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर त्याच कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे लोकांना माहीतच नसतं. थोरल्यांचे पैसे खरे होते हो! जमीन खरी विकली होती. पण कागद खोटा, त्यामुळे खरा माणूस तिथे खोटा ठरायला लागला. शेवटी तडजोड झाली, शेड विकावी लागली.

मला त्यात काय सलतं सांगू? मी नाही म्हटलं ते बरोबरच होतं, पण नाही म्हणून फोन ठेवून दिला. सरळ रस्ता होता की. धाकटे आले की रीतसर नोटीस काढून मिटिंग घ्या, आजच्या तारखेला शेअर द्या, बँकेला मी समजावते. हे मी त्या रात्री बोलले नाही. आज मला जे सांगायचंय ते इथूनच निघतं, सेक्रेटरीला निर्णयाच्या आधी बोलवा, आणि सेक्रेटरीने नुसतं नाही म्हणून उठू नये.

आता मुलांसाठी थोडा इतिहास. 1887 मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने म्हटलं होतं की सेक्रेटरी म्हणजे नुसता नोकर, सांगितलं तेवढं करायचं. मग 1971 चा पॅनोरमा डेव्हलपमेंट्सचा खटला, परीक्षेला येतो, वाचलाच असेल. तिथल्या एका सेक्रेटरीने कंपनीच्या नावावर भाड्याच्या गाड्या मागवल्या आणि स्वतःच फिरवल्या. बिल कुणी भरायचं? कंपनी म्हणते आम्हाला माहीत नाही. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग म्हणाले, तुम्हीच भरा, सेक्रेटरी आता नुसता कारकून राहिलेला नाही, कंपनीच्या कारभारातली कामं तो कंपनीच्या वतीने करू शकतो. म्हणजे गंमत बघा, आपल्या पेशाची पत वाढली ती एका उडाणटप्पू सेक्रेटरीमुळे! (हशा) आपल्याकडे 1980 चा कंपनी सेक्रेटरीज कायदा आला, कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचं ब्रीद 'सत्यं वद, धर्मं चर', आणि पहिलेच दोन शब्द आहेत खरं बोल.

सुरुवातीला मी पंचवटी एक्स्प्रेसने डायरेक्टर बदलल्याच्या फॉर्म 32 ची चळत घेऊन मरीन ड्राइव्हच्या एव्हरेस्ट बिल्डिंगमध्ये जायचे, आरओसीच्या, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारच्या, खिडकीपुढे उभी राहायचे. 2006 ला एमसीए-21 हे सरकारचं ऑनलाइन पोर्टल आलं आणि ती फेरी संपली. फार सोय झाली, पण त्याबरोबर सेक्रेटरी म्हणजे पोर्टलवर फॉर्म चढवणारी बाई अशी समजूतही झाली, आणि...

हो, चिठ्ठी मिळाली. पाचच मिनिटं. ठीक आहे, मूळ विषय पटकन घेते.

2013 च्या कंपनी कायद्याने सेक्रेटरीला एमडी आणि सीएफओच्या, म्हणजे वित्तप्रमुखाच्या, रांगेत नेऊन बसवलं, 'की मॅनेजेरियल पर्सोनेल' म्हणजे कळीचे अधिकारी, कलम 203. सगळ्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना आणि 10 कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या पब्लिक कंपन्यांना पूर्ण वेळचा सेक्रेटरी लागतो, प्रायव्हेटची मर्यादा 1 एप्रिल 2020 पासून 5 वरून 10 कोटी झाली, म्हणून इथल्या बहुतेक कारखान्यांत तो नसतो आणि आम्हाला बाहेरून बोलावतात, बहुतेक वेळा सगळं झाल्यावर.

लिस्टेडमध्ये आता नंतर बोलावून चालतच नाही. बोर्डाचे महत्त्वाचे निर्णय मिटिंग संपल्यावर 30 मिनिटांत शेअर बाजाराला कळवायचे, बाजार बंद झाल्यावर मिटिंग संपली तर 3 तास. अर्ध्या तासात कोण मागच्या तारखेचं काय लिहिणार? शेअरची किंमत हलवणारी माहिती कुणाला कधी सांगितली त्याची नोंद डिजिटल डेटाबेसमध्ये, आणि ती नंतर बदलता येता कामा नये. कंपनी कायदे पाळते का हे तपासणाऱ्या सेक्रेटेरियल ऑडिटरला 1 कोटी किंवा त्याहून मोठा फ्रॉड दिसला तर सरकारला कळवावंच लागतं, आणि 1 एप्रिल 2025 पासून लिस्टेड कंपनीत त्याची नेमणूक शेअरहोल्डर करतात, नुसतं बोर्ड नाही. बीआरएसआर, म्हणजे मोठ्या लिस्टेड कंपन्यांचा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, त्यात तर पाणी, वीज, कामगारांची सुरक्षा, हे आकडे शॉपफ्लोअरवरून गोळा करायचे, म्हणजे सेक्रेटरीला प्लँटमध्ये चक्कर मारावी लागते.

एआयवर पण बोलायचं होतं, ते राहिलं. एवढंच सांगते, मिनिट्सचा मसुदा मशीन लिहील, पण त्या दिवशी धाकटे खोलीत होते की मस्कतला, हे खोलीत बसलेल्या माणसालाच विचारावं लागेल.

कारखानदार मंडळींना एक विनंती, मार्चच्या आत ज्यांना शेअर द्यायचेत किंवा लोन घ्यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, डायरी आणलीय, मिटिंगची तारीख आजच ठरवू, आणि भाऊ बाहेरगावी असेल तर तो कधी येतोय तेही विचारून ठेवा.